दोन पॉइंट दहा

"मॅडम, ह्यो प्रोग्रॅम काय म्हणतोय बघा जरा. दोन पॉइंट दहा बसवलेलं हाय हितं, आणि त्याला दोन पॉइंट नऊ पाहिजे म्हणतोय."

फोनवर बुचडेकाका होते. गुरुवारची दुपार, पावणेदोन वाजलेले. डब्यातली चपाती अर्धी राहिली होती आणि समोरच्या स्क्रीनवर दुसऱ्याच एका कामाच्या चुका लाल अक्षरांत उतरत होत्या.

"मग?"

"मग घालू का म्हणून विचारतोय. होय आणि नाही, दोन बटनं हायत."

"होय दाबा."

"न्हाई म्हंजे, असलेलं काढून जुनं घालायला लागलाय असं वाटतंय. दहा मोठं की हो नवापेक्षा."

"काका, ती तपासणी मी लिहिलीय. काय लागतं ते तिला बरोबर कळतं. दाबा होय, आणि झालं की सांगा."

पलीकडून डायरीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बरं. दाबतो."

मी फोन ठेवला आणि उरलेली चपाती खाल्ली. ते परत काय सांगतायत याची वाटही पाहिली नाही.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. कोल्हापुरात शाहूपुरीत एका दुमजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. चौदा माणसं. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबसाठी आम्ही सॉफ्टवेअर करायचो. मशीनमधून आकडा निघायचा, तारेतून कॉम्प्युटरवर यायचा आणि तिथून छापील रिपोर्टवर. एवढंच काम, पण त्यासाठी वीस-पंचवीस लहानमोठी पॅकेजेस एकमेकांच्या आधारानं चालायची. प्रत्येकाच्या नव्या आवृत्त्या निघत राहायच्या. एकाला दुसऱ्याची अमुक आवृत्ती किंवा तिच्या पुढची लागायची. ती नसली की काहीतरी बंद पडायचं. हे सगळं जुळतंय का ते बघणारी मदतनीस फंक्शन्सची एक फाइल मी नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात लिहिली होती. काय बसवलंय ते वाचायचं, काय लागतं ते वाचायचं, आणि बसवलेलं कमी पडत असेल तर विचारून योग्य ते बसवायचं. जेमतेम दीडशे ओळी. खोत सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, सगळ्यांना बोलावून ती दाखवली होती. "निवेदितानं आपली रोजची डोकेदुखी घालवली," असं ते म्हणाले होते. ते वाक्य मी घरी जाऊन आईला दोनदा सांगितलं.

सर्जेराव बुचडे आमचे गावोगाव फिरणारे माणूस. वय पन्नाशीच्या आसपास. आधी लक्ष्मीपुरीत टाइपरायटर दुरुस्त करायचे. टाइपरायटर संपले तसे कॉम्प्युटर शिकले, तेही बघून बघून. पदवी नाही, इंग्रजी अडखळत. रेक्झिनच्या पिशवीत पेनड्राइव्ह, स्क्रू-ड्रायव्हर आणि एक जाड डायरी घेऊन ते एसटीनं लॅबच्या गावी जायचे. ऑफिसातली पोरं त्यांच्या फोनची नक्कल करायची, "मॅडम, ह्यो काय म्हणतोय बघा." मीही हसायचे.

शनिवारी सकाळी साडेनऊला मी आले तेव्हा खोत सर दारातच उभे होते. फोन कानाला, चेहरा पांढरा. "हो मॅडम. हो. मी स्वतः बघतो," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. फोन ठेवून त्यांनी आम्हा चौघांना आत बोलावलं. त्यात बुचडेकाकाही होते.

"गडहिंग्लजहून डॉक्टर कासारेंचा फोन होता," सर म्हणाले. "काल त्यांच्या लॅबमध्ये चार दिवसांच्या बाळाची कावीळ तपासली. आपल्या रिपोर्टवर आठ पॉइंट चार छापून आलं. एवढी बाळांना असतेच, म्हणून घरी पाठवलं. रात्रभर बाळ प्यायलं नाही. आज पहाटे दुसरीकडे तपासलं तर चोवीस. डॉक्टरांनी आपल्या मशीनच्या स्क्रीनवर मागचं काढून बघितलं. मशीन कालच अठरा पॉइंट चार सांगत होतं."



"बाळाला बेळगावला नेलंय. सगळं रक्त बदलणार आहेत." सर खुर्चीत बसले, लगेच उठले. "अठरामधला एक कुठं गेला? मशीनमध्ये आहे, कागदावर नाही. म्हणजे मधे आपण आहोत."

आमच्यातला मिलिंद घोसरवाडे मशीनचं बघायचा. तो म्हणाला, "सर, नव्या मशीनमध्ये आकडा चार घरांचा येतो. जुनं पॅकेज शेवटची तीनच घरं वाचायचं. म्हणून तर आपण दोन पॉइंट दहा काढलं. तिथं दोन पॉइंट दहाच आहे, मी मागच्या महिन्यात पाठवलंय."

त्यानं लॅपटॉपवरून गडहिंग्लजच्या कॉम्प्युटरला जोडून बघितलं. तिथं दोन पॉइंट नऊ होतं.

मी मनात आकडा मांडला. पॉइंटसकट चार घरं, शेवटची तीन वाचायची. अठरा पॉइंट चारचं आठ पॉइंट चार होतं. साखर एकशे दहा आली तर बरोबरच येते, पोटॅशियम चार पॉइंट दोन आलं तर तेही बरोबर. दोन दिवस सगळ्यांचे रिपोर्ट बरोबर आले असणार. चुकलं ते त्या एका बाळाचं.

"गुरुवारी तिथं कोण होतं?" सरांनी विचारलं.

"मी," बुचडेकाका म्हणाले.

"काय केलंत?"

"रिपोर्टचा नवा नमुना घातला. ते घालताना त्यानं दोन पॉइंट नऊ मागितलं. घालू का म्हणून विचारलं. मी होय दाबलं."

"नवं असताना जुनं? का दाबलंत?"

बुचडेकाका टेबलाच्या काचेकडे बघत होते. काचेखाली कुठल्यातरी औषध कंपनीचं कॅलेंडर होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"दाबलं मी," ते म्हणाले.

"बुचडे, दहा मोठं की नऊ मोठं? शाळेतलं पोरगं सांगेल हो!"

आता सांगायला हवं, असं मनात आलं. तोंड उघडलंसुद्धा.  सगळे माझ्याकडे वळले, आणि मी म्हणाले, "मी तिथल्या नोंदींचा लॉग बघते, सर."

"बघ," सर म्हणाले.

त्यांनी कंपनीचा कागद ओढला, खिशातून पेन काढलं, टोपण काढलं आणि लिहायला लागले. लिहिता लिहिताच बोलत होते. आमच्या माणसाच्या हातून चूक झाली आहे, त्याला कामावरून कमी केलं आहे. मजकूर सहा-सात ओळींचाच. पाकीट चिकटवून त्यांनी ते बुचडेकाकांनाच दिलं. "साडेदहाच्या बसनं जा. पहिलं दोन पॉइंट दहा परत घाला. हे डॉक्टरांच्या हातात द्या. पाया पडा म्हटलं तर पडा. सोमवारपासून येऊ नका."

काकांनी पाकीट शर्टच्या खिशात ठेवलं, पिशवी उचलली. जिन्यावरून त्यांच्या चपला वाजत खाली गेल्या. मी माझ्या जागेवर आले आणि ती फाइल उघडली.

चूक शोधावी लागलीच नाही. एक्केचाळिसाव्या ओळीवर मी दोन आवृत्त्यांची तुलना केली होती. आकडे म्हणून नाही, अक्षरं म्हणून. शब्दकोशात शब्द लावतात तशी. दोन सारखे, पॉइंट सारखा, मग एक आणि नऊ. एकापेक्षा नऊ पुढचा. म्हणून माझ्या फंक्शनच्या हिशेबी दहा नवापेक्षा लहान होतं. वर्षभर ते बरोबर चाललं, कारण वर्षभर आमची कुठलीच आवृत्ती नवाच्या पुढं गेली नव्हती.

मी ती ओळ खोडली. पॉइंटवर तोडून एकेक तुकड्याचा आकडा करायचा आणि मग तुलना करायची. दहा मिनिटं लागली. जपून ठेवलं, चालवून पाहिलं. आता दहा मोठं येत होतं. कुणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं की आमचं फंक्शन बरोबर आहे. हा विचार माझ्या मनात आला, हे मी लपवत नाही.

उठून पाणी प्यायले. परत येऊन बसले, परत उठले. मिलिंदनं विचारलं, "लॉगमध्ये काय दिसतंय?" "बघतेय," म्हटलं. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले, आणि तिथं मला एकदम सुचलं की दोन पॉइंट दहा फक्त गडहिंग्लजला गेलेलं नाही.

नवं मशीन सहा लॅबनी घेतलं होतं. सहाही ठिकाणी दोन पॉइंट दहा गेलं होतं. आणि रिपोर्टचा नवा नमुना याच आठवड्यात सगळीकडे जात होता. काही ठिकाणी इंटरनेटवरून, तिथल्याच ऑपरेटरच्या हातानं. त्यांनाही माझ्या फंक्शननं विचारलं असणार. होय की नाही. त्यांनीही होय दाबलं असणार. कुणाला फोन करून विचारायची गरजही वाटली नसणार.

खोत सरांच्या मते चूक एका माणसाची होती आणि तो माणूस बसमध्ये बसला होता. बाकी पाच लॅबकडे बघायचं कुणाला कारणच नव्हतं. मी बोलले नाही तोपर्यंत.

तरीही मी बोलले नाही. मी मोबाइल घेऊन गच्चीवर गेले. टाकीच्या सावलीत उभी राहून एकेका लॅबला फोन लावायला लागले. "नेहमीची तपासणी आहे, जरा आवृत्ती वाचून दाखवता का?" असा अगदी गोड आवाज काढत होते. निपाणीला अजून नवा नमुना गेलाच नव्हता. त्यांना म्हटलं, सोमवारपर्यंत हात लावू नका. मलकापूरलाही तसंच. राधानगरीच्या मुलीनं वाचलं, "दोन पॉइंट नऊ." मी तिला पायरी पायरीनं सांगत दोन पॉइंट दहा परत बसवून घेतलं. कागलचंही तसंच झालं. "मशीनच्या स्क्रीनवर बघून सांगता, या आठवड्यात कुणाची कावीळ दहाच्या वर आलीय का?" मी दोन्हीकडे विचारलं. "दहाच्या वर? नाही हो. का?" "काही नाही, सहज." सहज म्हणताना मला स्वतःचीच किळस आली.

आजऱ्याचा फोन लागत नव्हता. नुसताच वाजायचा आणि बंद व्हायचा. नऊ वेळा लावला. आजऱ्याला बाळंतिणींचं हॉस्पिटल लॅबच्या वरच्याच मजल्यावर आहे, हे मला माहीत होतं. तिथं कुणीतरी स्वतः जायला हवं होतं. आणि त्या बाजूला आमचा एकच माणूस होता.

एक वाजून वीस मिनिटांनी मी बुचडेकाकांना फोन लावला.

"काका, कुठं आहात?"

"गडहिंग्लजला. लॅबमध्येच. दोन पॉइंट दहा घातलं. डॉक्टर बाई वर पेशंट बघायल्यात, आल्या की पाकीट देतो."

"काका, तुम्हाला आजऱ्याला जावं लागेल."

"जाणारच हाय. तीनची गाडी हाय."

मला कळेना. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? जिथं जिथं दोन पॉइंट दहा टाकलं तिथं तिथं तुमचा प्रोग्रॅम नऊच मागणार. डायरीत हायत की सहा गावं. निपाणीत गाडी थांबली तवा उतरून लॅबमध्ये बघून आलो, तिथलं बरं हाय. बाकीचं तुम्ही बघाल म्हटलं."

मी टाकीला टेकले. उन्हानं तापलेली टाकी पाठीला भाजत होती. "काका, गुरुवारी तुम्ही मला फोन केला होता."

"केला हुता. पावणेदोनला. लिवलंय डायरीत."

"मग मीटिंगमध्ये का नाही सांगितलं?"

"काय सांगू? मॅडम म्हणाल्या म्हणून दाबलं? तुम्ही म्हणला असता, मी असं म्हटलंच न्हाई. मग खोटारडा कोण? मीच की."

"मी असं नसतं म्हटलं."

"मला काय ठावं?" त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "थांबलो हुतो मी. तुम्ही बोलाल म्हणून. साहेबांनी पेनाचं टोपण काढेपातुर थांबलो हुतो."

 खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षा मागे घेत होतं आणि हॉर्न वाजवत होतं.

"काका, पाकीट देऊ नका," मी म्हणाले. "मी येते. मी येईपर्यंत देऊ नका."

"मला आजऱ्याला जायचंय, मॅडम. पोरंबाळं हायत तिथं."

"तुम्ही आजऱ्याला जा. पाकीट खिशातच राहू द्या."

त्यांनी बरं म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. फोन बंद झाला.

खोत सर खोलीत एकटेच बसले होते. डबा उघडलेला, पण हात लावलेला नाही. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. एक्केचाळिसावी ओळ, गुरुवारचा फोन, सहा लॅब. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "आता कुठं कुठं राहिलंय?"

"आजरा. काका जातायत."

"म्हणजे सगळीकडे दुरुस्त झालं." त्यांनी श्वास सोडला. "बस मग. इथंच थांबव."

"सर, पण पत्र—"

"निवेदिता, ऐक. एका माणसाची चूक असते ना, ती लोक समजून घेतात. सॉफ्टवेअरच चुकीचं आहे म्हटलं की उद्या सहाच्या सहा लॅब मशीनची तार काढून टाकतील. मग आपल्या साठही लॅब. चौदा घरं चालतात या खोलीवर. तुझंही." ते रागानं बोलत नव्हते. ते घाबरले होते, आणि मला त्यांची भीती समजत होती. तिनं सकाळपासून माझंही तोंड शिवलेलं होतं. "बुचडेंचं मी बघतो. दुसरीकडे लावून देतो. तू शिकलेली मुलगी, तुझ्या नावावर हे कशाला?"

"त्यांच्या नावावर आहे, सर."

"तू गेलीस तर सोमवारी इथं येऊ नकोस. मला तसं म्हणायला आवडत नाही, पण म्हणतो."

मी पर्स घेतली. पावणेतीनच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली, पण मला बसवेना. कागल आलं, निपाणी आलं. आईला फोन करावा असं वाटलं, केला नाही. डॉक्टरांना काय सांगायचं याची मी मनात वाक्यं करत होते आणि प्रत्येक वाक्य 'खरं म्हणजे'नं सुरू होत होतं. कंडक्टरनं दोनदा विचारलं, "ताई, बरं वाटत नाही का?"

डॉक्टर अंबिका कासारे साठीच्या जवळच्या, पांढऱ्या केसांच्या, ताठ बसणाऱ्या बाई. सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर न काढता त्या म्हणाल्या, "बसा. खोतांनी पाठवलं?"

"नाही. मी आपणहून आले."

मग सांगितलं. 'खरं म्हणजे' न म्हणता. मी लिहिलेली ओळ, आणि मी दिलेला सल्ला. बुचडे विचारत होते आणि मी त्यांना गप्प केलं, हेही.

त्यांनी चष्मा काढला. "तो माणूस दुपारी दोन तास इथं होता. मी त्याला नाही नाही ते बोलले. जेवलास का म्हणूनसुद्धा विचारलं नाही. त्यानं एकदाही तुमचं नाव घेतलं नाही."

"मला माहीत आहे."

"मलाही माफी नाही," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "बाळ मी डोळ्यांनी बघितलं होतं. पिवळं दिसत होतं. कागदावर आठ होतं म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही." त्यांनी टेबलावरचा फोन पुढे ओढला, नंबर फिरवला. "आरबोळे? मी कासारे. बाळ कसं आहे?... बरं. बरं. एक बाई आल्या आहेत, त्यांना तुमच्याशी बोलायचंय." आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

मी मागे सरकले. त्यांनी हात तसाच ठेवला.

मल्लिकार्जुन आरबोळे. बाळाचे वडील, दूध संकलन केंद्रावर फॅट मोजण्याच्या कामावर होते, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त एक थकलेला आवाज होता आणि त्यामागे हॉस्पिटलच्या बोळातली ट्रॉली.

"नमस्कार. मी निवेदिता हेर्लेकर. कालच्या रिपोर्टमधला आकडा माझ्या चुकीमुळे चुकला."

"मघाशी तर डॉक्टर सांगत होत्या, कोण बुचडे म्हणून—"

"त्यांनी नाही. मी."

 त्यांनी विचारलं, "कसा चुकला?"

मी सांगितलं. जमेल तितक्या सोप्या शब्दांत. दहाला मी नवापेक्षा लहान केलं होतं.

"आमच्याकडं एखाद्याचं फॅट एका पॉइंटनं चुकलं ना," ते सावकाश म्हणाले, "तर तो दुसऱ्या दिवशी सकाळी दारात असतो. कॉलर धरायला. मी रोज त्या भीतीनं दोनदा मोजतो." मधे कुणीतरी त्यांना हाक मारली, "आलो," म्हणाले. "रक्त बदललं. उतरलंय बरंच. वाचेल म्हणतात. कानाला काही झालं का ते मात्र सहा महिन्यांनी कळेल. तुमचा नंबर डॉक्टरांकडे ठेवा."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर मी रडले असते. आता नुसतीच उभी राहिले.

साडेपाचला बुचडेकाका आजऱ्याहून परत आले. तिथंही दोन पॉइंट नऊच निघालं होतं. दोन बाळांची कावीळ त्या दिवशी तपासली होती. त्यांनी लॅबवाल्याला घेऊन मशीनमधून मूळ आकडे काढले होते. एक बाळ सहावर होतं, ठीक होतं. दुसरं चौदा पॉइंट दोनवर; कागदावर मात्र चार पॉइंट दोन. आई टाके काढून घरी निघाली होती, रिक्षात बसलेली. काकांनी पळत जाऊन रिक्षा थांबवली होती. हे त्यांनी 'बस वेळेवर मिळाली' म्हणावं तसं सांगितलं.

मग खिशातून पाकीट काढून मला दिलं. डॉक्टर कासारेंनी ते माझ्या हातातून घेतलं आणि न उघडताच फाडून टोपलीत टाकलं. काकांना म्हणाल्या, "बसा. आधी जेवा."

सोमवारी मी कंपनीत गेले नाही. डॉक्टर कासारेंच्याच कॉम्प्युटरवरून सहाही लॅबना माझ्या नावानं कळवलं होतं. दोन लॅब तुटल्या, चार राहिल्या. खोत सरांना वाटलं होतं तसं बुडणं काही झालं नाही. महिन्यानं त्यांनी बुचडेकाकांना परत बोलावलं, स्वतः घरी जाऊन. काका गेले नाहीत. "त्या काचेच्या टेबलाशी बसायला परत व्हायचं न्हाई," एवढंच म्हणाले. त्यांनी लॅबची मशीनं दुरुस्त करायचं स्वतःचं काम सुरू केलं. पहिलं काम कासारेबाईंनी दिलं. मला पुण्यात नोकरी लागली. मुलाखतीत पहिली नोकरी का सोडली असं विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. दोन ठिकाणी नाकारलं, तिसऱ्यानं घेतलं.

त्या सहा महिन्यांत मला धड झोप अशी लागली नाही. ऑफिसात कुणी मागून हाक मारली तरी दचकायचे. लहान बाळ दिसलं की नकळत टाळी वाजवून बघायचे, वळतंय का. मैत्रिणीच्या मुलाला मी इतक्यांदा टाळ्या वाजवल्या की तिनं विचारलं, "तुला झालंय काय?"

सहा महिन्यांनी फोन आला. आरबोळे होते. "बेळगावला गुरुवारी कानाची तपासणी आहे. यायचं तर या."

हॉस्पिटलच्या बोळात लाकडी बाक होता. बुचडेकाका आधीच येऊन बसले होते. त्यांनाही फोन गेला होता. मी शेजारी बसले. बंद दारामागे तपासणी चालू होती. तासभर आम्ही दोघं एकमेकांशी जवळपास काही बोललो नाही. एकदा मी म्हटलं, "काका, त्या दिवशी मीटिंगमध्ये मी—" त्यांनी मान हलवली. "असू दे" म्हणाले नाहीत. "व्हय," म्हणाले. आणि पुन्हा दाराकडे बघायला लागले.

दार उघडलं. आधी आरबोळे आले, मागून त्यांची बायको, कडेवर मुलगी. मुलीचं नाव गिरिजा ठेवलं होतं. गुबगुबीत, डोळ्यांत काजळ, हातात टोपीचं टोक.

"डाव्या कानानं कमी ऐकते," आरबोळे म्हणाले. "उजवा चांगला आहे. बोलायला लागेल म्हणाले, अडचण नाही. पण डावा आहे तो असाच राहणार."

आम्ही दोघं उठून उभे राहिलो. काय बोलायचं असतं अशा वेळी? मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, मुलीची टोपी सारखी करत होती. मला वाटलं, आता निघावं. मी वाकून नमस्कार केला आणि मुलीच्या दिशेनं काहीतरी पुटपुटले. मलाही कळलं नाही काय. ती खिडकीकडे बघत राहिली.

"तसं नाही," आरबोळे म्हणाले. त्यांचा आवाज राकट होता, पण त्यांनी बायकोच्या खांद्याला हात लावून तिला जरा वळवलं. "उजव्या बाजूनं या. मग ऐकेल."

मी बाकाला वळसा घालून पलीकडे गेले. मुलगी आता अगदी जवळ होती. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. सहा महिने मनात घोळवलेलं एकही वाक्य तोंडात येईना. म्हणून मी तिला माझं नाव सांगितलं. तिनं मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं.